मरळ घरी असते तेव्हा

कानडीत ‘गाळ’ म्हणजे मासे पकडायचा गळ आणि मराठीत ‘गाळ’ म्हणजे तळ्याच्या बुडाशी साचलेली माती. आपल्या भागातल्या दुभाषी घरांत या एका शब्दावरून किती गमती होतात, हे वाचकांना मी सांगायला नको. कानडी आजीने “पोरगा गाळ टाकायला गेलाय” म्हणून सांगावे आणि मराठी नातसुनेने तो शेतात माती पसरायला गेला असे समजून दुपारची भाकरी शेताकडे पाठवावी! असो. आजचा विषय हा कानडी गाळ, म्हणजे मराठी गळ आहे. आपले साप्ताहिक ज्या घरांत वाचले जाते त्यांतली निम्मी घरे मासळीला शिवत नाहीत, याची मला कल्पना आहे. त्यांनीही पान उलटू नये. या गोष्टीत मासे पुष्कळ आहेत, पण ताटात फारच थोडे आहेत.

माझ्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्काचे, घर मध्य प्रदेशात बालाघाटला आहे. दाजी भरवेलीच्या मँगनीज खाणीत नोकरीला होते. निवृत्तीनंतर ते तिथेच राहिले. आमच्या लहानपणी बालाघाट म्हटले की “एवढ्या लांब मुलगी दिली!” असे आजी सारखी म्हणायची. लांब आहेच. मिरजेला महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसायचे, एक अख्खा दिवस आणि वर काही तास गाडीत काढायचे, शेवटच्या गोंदिया स्टेशनावर उतरायचे आणि तिथून पुढे बालाघाटची गाडी धरायची. पूर्वी ही पुढची गाडी छोट्या रुळांची होती. आता मोठी झाली आहे.

पण तिथे पोचल्यावर परके वाटत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि आपला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आला, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. त्याच दिवशी तिकडे जुन्या मध्य प्रदेशातले नागपूर, भंडाऱ्यासह आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि भंडाऱ्याला लागून असलेला बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. गोंदिया तेव्हा भंडाऱ्यातच होते. तो जिल्हा १९९९ साली वेगळा झाला. त्यामुळे बालाघाटच्या बाजारात हिंदी, मराठी आणि पोवारी एकाच दुकानासमोर ऐकू येतात. मामा एका राज्यात, आत्या दुसऱ्या राज्यात, आणि लग्नपत्रिका दोन भाषांत! आपल्याला यात नवे काय?

नदी वैनगंगा. शिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा गावाजवळ उगम पावते, बालाघाटातून वाहत महाराष्ट्रात उतरते, पुढे वर्धा नदीला भेटून प्राणहिता होते आणि गोदावरीला मिळते. नदीइतकीच या मुलखाची ओळख म्हणजे तळी. गोंदिया-भंडाऱ्याच्या बाजूला त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा भाचा माझी थट्टा करतो आहे असे मला वाटले. पण मामा म्हणजे ‘माजी मालगुजारी’. मालगुजारांच्या काळात गावोगाव बांधलेली ही तळी १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर सरकारकडे आली. भातशेतीला पाणी आणि ढिवर समाजाला मासे, अशी या तळ्यांची दुहेरी कामगिरी आहे. बालाघाटच्या बाजूला याच समाजाला ढीमर म्हणतात.

आता स्पर्धेकडे वळतो.

माझा भाचा बालाघाटला एका कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. त्याला मोबाइलवर अमेरिकेतल्या ‘बास’ माशाच्या स्पर्धा बघायचा नाद लागला. बास हा तिकडच्या गोड्या पाण्यातला, मोठ्या तोंडाचा, तापट स्वभावाचा मासा. अल्बामा राज्यातल्या रे स्कॉट नावाच्या विमा विकणाऱ्या माणसाने जून १९६७ मध्ये आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर एक स्पर्धा भरवली. १०६ जण पैसे भरून आले. पुढच्या वर्षी त्याने संस्था काढली आणि पाहता पाहता तो लाखो माणसांचा खेळ झाला. सुरुवातीला पकडलेले मासे मरायचे. स्पर्धेमुळे तळी रिकामी होतात अशी ओरड झाली, तेव्हा १९७२ पासून स्कॉटने मासे जिवंत सोडण्याची मोहीम सुरू केली. नावेतच पाण्याची टाकी, मेलेल्या माशाला दंड, आणि वजन झाले की मासा परत पाण्यात. स्कॉट २०२२ साली वारला, पण हा पायंडा आता जगभर पडला आहे.

भाच्याने आणि त्याच्या मित्रांनी ठरवले, आपणही अशी स्पर्धा करायची. अडचण एकच होती : आपल्या नद्या-तळ्यांत बास नाही. एकाने सुचवले, की कुठून तरी पिल्ले मागवून सोडावीत. सुदैवाने त्यांच्यातल्या एका शाळामास्तराने त्याला गप्प केले. जपानात १९२५ साली हा मासा हौसेने आणून एका तळ्यात सोडला होता. तो देशभर पसरला आणि तिथले छोटे देशी मासे खाऊ लागला. शेवटी २००५ मध्ये तो जिवंत बाळगायला आणि सोडायला कायद्याने बंदी करावी लागली. गंमत म्हणजे बासच्या विक्रमाची बरोबरी जपानातच झाली. १९३२ साली अमेरिकेत जॉर्जियामध्ये पकडलेला २२ पौंड ४ औंसांचा मासा हा विक्रम होता. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात तेवढ्याच वजनाचा सापडला. विक्रम झाला, पण सरोवरातल्या देशी माशांचे जे व्हायचे ते झालेच. आपल्याकडे आफ्रिकन मागूरचे असेच झाले. २००० साली त्याच्यावर बंदी आली, तरी चोरून पाळणे अजून थांबलेले नाही.

मग बासच्या जागी कोण? उत्तर तळ्यातच होते : मरळ. सापासारखे डोके, काळसर पाठ, काटे कमी, चव उत्तम. आजारातून उठलेल्या माणसाला खायला घालायचा हा मासा. दम्यासाठी मृगाच्या दिवशी हैदराबादला जाऊन ज्यांनी जिवंत मासा गिळला आहे, किंवा ज्यांच्या घरातले कोणी जाऊन आले आहे, त्यांनी मरळीचे पिल्लू पाहिलेले आहे. तेलंगणाचा तर हा राज्यमासा. मरळ पाण्यातल्या हवेवर भागवत नाही. तिला अधूनमधून वर येऊन श्वास घ्यावा लागतो. ती शेवाळात आणि कमळाच्या पानांखाली दबा धरून बसते आणि वरून बेडूक गेला की पाणी फोडून झेप घेते. बास जसा रबरी बेडकावर तुटून पडतो, तशीच मरळही. म्हणून आता केरळापासून बंगालपर्यंत हौशी मंडळी रबरी बेडूक घेऊन मरळीच्या मागे असतात. मरळीच्या एका चुलतभावाची अमेरिकेत मात्र दहशत आहे. २००२ मध्ये मेरीलँडच्या एका छोट्या तळ्यात तो सापडला, तेव्हा सरकारने त्या तळ्यात विष घालून सगळे मासे मारले. आपल्या घरचा तो दुसऱ्याच्या घरात चोर, असा हा मामला आहे.

नऊ जण जमले. तीन कॉलेजचे, एक मोबाइल दुरुस्त करणारा, एक शाळामास्तर, दोन दुकानदार, एक खाणीतला कामगार आणि नववा शेजारच्या ढीमर वस्तीतला विशीतला पोरगा. तो या आठांचा गुरूच म्हणायचा. त्यांच्या हातात कुरिअरने मागवलेले रॉड आणि रीळ होते. त्याच्या हातात सुरुवातीला वेळूची काठी होती. मरळ कुठल्या पानाखाली आहे हे तो पाण्याकडे पाहून सांगायचा. चार फेऱ्या ठरल्या : ऑगस्टअखेर, दिवाळी, नाताळ आणि फेब्रुवारी. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट नदी-तळ्यांत मासेमारी बंद असते, म्हणून सुरुवात त्यानंतर. बक्षीस एक चांगले रीळ.

वहीत तीन नियम लिहिले. एक, आमिष रबरी, आकड्याची उलटी नांगी चिमट्याने दाबून टाकलेली. दोन, प्रत्येकाच्या सर्वांत लांब तीन मरळींच्या लांबीची बेरीज. वजन नाही. तीन, मासा ओल्या फळीवर ठेवून मोजायचा, फोटो काढायचा आणि लगेच पाण्यात सोडायचा. मेला तर गुण वजा.

तळे मच्छीमार संस्थेने ठेक्याने घेतलेले होते. पोरे परवानगीला गेली. संस्थेच्या म्हाताऱ्या चिटणीसाने दिवसाचे पैसे ठरवले आणि वर एक अट घातली : मासा सोडायचा की संस्थेच्या टोपलीत टाकायचा, हे त्या त्या दिवशी आम्ही सांगू. भाच्याला हे विचित्र वाटले. त्याने मला फोन केला. “मामा, आम्ही तर सोडूनच देतोय. मग त्यांना काय फरक पडतो?” मी समाजशास्त्र शिकवतो, मासेमारी नव्हे. पण याचे उत्तर द्यायला समाजशास्त्रही पुरे होते. मी म्हणालो, “बाळा, दान करायची वस्तू आधी आपली असावी लागते. तळ्यात पिल्ले त्यांनी टाकली, राखण ते करतात, उन्हाळ्यात पाणी आटले तर नुकसान त्यांचे. मग मासा सोडल्याचा मोठेपणा तुम्ही कशाला घेता?” त्याला पटले की नाही माहीत नाही, पण अट पाळली गेली.

ढीमर पोराचा प्रश्न याहून अवघड होता. पहिल्याच दिवशी त्याने विचारले म्हणे, “छोड़ना ही है तो पकड़ना काहे को?” सगळे हसले. उत्तर कोणाकडेच नव्हते. हौसेने गळ टाकणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न एकदा तरी स्वतःला विचारावा असे मला वाटते. ज्याचे घर मासळीवर चालते, त्याच्या दृष्टीने धरलेला मासा परत पाण्यात टाकणे हा भरल्या पोटाचा खेळ आहे. आणि तो तसा आहेच. माशाला आकडा टोचतो, तो धापा टाकतो, आपण फोटो काढतो. याला पुण्य म्हणायचे कारण नाही. खेळाच्या बाजूने एवढेच म्हणता येईल, की खेळणारा पाण्याकडे लक्ष देऊ लागतो आणि लक्ष देणारी माणसे वाढली तर पाण्याचे भले होण्याची शक्यता असते. पण ही शक्यता आपोआप खरी होत नाही. हे या मुलांना पहिल्याच फेरीत कळले.

ऑगस्टअखेर तळी तुडुंब असतात आणि मरळीचा विणीचा काळ पुरता सरलेला नसतो. मरळ अंडी घालून निघून जाणारी नाही. गवतात जागा साफ करून जोडी अंड्यांवर पहारा ठेवते. पिल्ले निघाली की तांबूस-केशरी रंगाचा त्यांचा घोळका पाण्यात वरखाली करतो. श्वासाला सगळी एकदम वर आली की तेवढ्या जागेत पाणी उकळल्यासारखे दिसते. त्यांच्या खाली आई-बाप असतात. तेव्हा ते भुकेने झेप घेत नाहीत, रागाने घेतात. घोळक्यावरून काहीही गेले, बेडूक असो की रबर, ते तुटून पडतात. म्हणजे वर्षभर हुलकावणी देणारी मोठी मरळ त्या काही आठवड्यांत पोरसवदा माणसालाही सापडते. घोळका दिसला, त्यावर बेडूक टाकला, की झाले. हीच युक्ती जगभर चालते. बासचा नरही घरट्यावर पहारा देत असतो आणि तोही असाच फसतो.

ढीमर पोराला घोळके दिसले, इतरांना दिसले नाहीत. त्याने दोन घोळक्यांवरून दोन मोठ्या मरळी काढल्या, मोजल्या, सोडल्या. पहिली फेरी त्याने मोठ्या फरकाने जिंकली. काठावर त्याचे आजोबा बसले होते, तेच संस्थेचे चिटणीस. मासा फळीवर असताना त्या पाच-दहा मिनिटांत घोळक्यात काय झाले, ते त्यांनी पोरांना बोटाने दाखवले. छोटे मासे चारी बाजूंनी आत शिरले होते आणि केशरी ठिपका आकसत चालला होता. सोडलेली मरळ थकून दुसरीकडेच गेली. म्हातारा नातवाला एवढेच म्हणाला, “बेटा, वो अभी घर पे है। बाजार में मिले तो पकड़ो। घर में घुस के नहीं मारते।”

अन्न शोधायला निघालेला मासा बाजारात असतो आणि पिल्ले राखणारा घरी. बाजारात सगळ्यांनी जपून राहायचे असते. तिथे फसला तर तो व्यवहार झाला. पण घरात शिरायचे नसते. मत्स्यशास्त्राचे पुस्तक हेच चार पानांत सांगेल.

त्या संध्याकाळी नऊ जणांत भांडण झाले. काही म्हणाले, त्या दोन मरळींचे गुण काढून टाका. काही म्हणाले, नियमात नव्हते, मग चूक कशी? आणि खरे सांगायचे तर दोन दुकानदारांच्या बोलण्यात थोडा वेगळा वासही होता : आम्ही एवढ्या महागाच्या वस्तू आणल्या आणि जिंकला कोण, तर काठीवाला. वाद माझ्याकडे आला, कारण मी लांबचा, कानडी मुलखातला, म्हणून निःपक्षपाती! मी सांगितले, की नियम मागे जाऊन लावू नका. त्याने जे जिंकले ते त्याचे. आठ जणांना घोळके दिसले असते तर आठांनी तेच केले असते. पण आता कळले आहे, तर आजपासून चौथा नियम लिहा. आणि तो तुम्ही आठांनी लिहू नका, त्याला लिहू द्या. ज्यांचे पाणी त्यांच्या तोंडून आलेली गोष्ट त्यांच्याच हाताने वहीत उतरली पाहिजे.

त्याने लिहिले. हिंदीत, मोठ्या अक्षरात : बच्चों वाली मरल पर कांटा नहीं।

दिवाळीच्या सुट्टीत मी अक्काकडे गेलो आणि दुसऱ्या फेरीचा पंच झालो. माझी पात्रता एवढीच, की मला मासा खाण्यातले कळते, पकडण्यातले नाही. पहाटे धुके होते. फळी, मोजपट्टी आणि वही घेऊन मी बांधावर बसलो. मरळीची झेप मी पहिल्यांदा पाहिली. भाकरी थापताना जसा फटका बसतो तसा आवाज होतो आणि बेडूक दिसेनासा होतो. नवशिका लगेच रॉड ओढतो आणि रिकामा बेडूक परत येतो. जाणता मनात तीन आकडे मोजतो, मासा तोंड वळवीपर्यंत थांबतो आणि मग ओढतो. भाचा दिवसभरात पाच वेळा घाईने चुकला. घाई हा आमच्या घराण्याचा जुना आजार आहे, असे अक्का म्हणाली.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. तळ्याच्या कोपऱ्यात एक उशिराचा घोळका होता. मला तो दाखवूनही आधी दिसेना. मग दिसला : कुंकवाचे पाणी सांडावे तसा केशरी डाग, हलणारा. तो पोरगा त्याच बाजूने पाण्याच्या कडेने येत होता. त्याने घोळका माझ्या आधी पाहिला असणार. क्षणभर थांबला. पहिल्या फेरीची आघाडी टिकवायची तर एक मोठी मरळ तिथे हमखास होती आणि जवळपास दुसरे कोणी नव्हते. मी वहीत डोके घातलेले. त्याने दोरी गुंडाळली, वळसा घेऊन बांधाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि अर्धा तास नुसता चालण्यात घालवला. त्या फेरीत तो चौथा आला. माझ्या वहीत न पकडलेल्या माशाला रकाना नव्हता. मी समासात एक फुली मारून ठेवली.

नाताळची फेरी गोंदियाच्या बाजूला एका मामा तलावावर झाली. तिथल्या संस्थेची परवानगी या वेळी न सांगता घेतली गेली आणि संस्थेने सांगितल्याप्रमाणे मोठ्या मरळी टोपलीत गेल्या. फेब्रुवारीत थंडी ओसरली, पाणी उतरले आणि शेवटची फेरी शाळामास्तरांनी जिंकली. एकूण बेरजेत ढीमर पोरगा दुसरा आला, फरक अवघा दोन इंचांचा. पहिल्या फेरीच्या त्या दोन मरळी धरूनही दुसराच. दिवाळीत त्याने वळसा घेतला नसता, तर रीळ त्याचे होते. मास्तरांनी ते रीळ त्याला द्यायची तयारी दाखवली. त्याने घेतले नाही. “अगले साल ले लूंगा,” म्हणाला. भाचा सहावा आला.

या निमित्ताने आपल्याच कर्नाटकातली एक गोष्ट सांगतो. कावेरी आणि तिच्या उपनद्या महाशीर माशासाठी प्रसिद्ध. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इन्गन यांनी काबिनी नदीत १२० पौंडांचा महाशीर काढला होता. पुढे कावेरीच्या काठी गळ टाकणाऱ्यांची केंद्रे निघाली. पकडलेला प्रत्येक मासा मोजून, नोंदवून सोडायचा असा तिथला रिवाज होता. काठावरच्या गावांतली माणसे, त्यांतले काही पूर्वी चोरून मासे मारणारे, वाटाडे म्हणून कामाला लागली. अभयारण्याच्या हद्दीतली ही केंद्रे नंतर बंद झाली. पण गालिबोरे केंद्राच्या १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदवह्या राहिल्या. अभ्यासकांनी त्या तपासून २०१५ मध्ये जे प्रसिद्ध केले ते धक्कादायक होते. मासे पुष्कळ मिळत होते, पण कावेरीचा मूळचा, पाठीला उंचवटा असलेला महाशीर जवळजवळ नाहीसा होत चालला होता. त्याची जागा दुसऱ्या महाशीराने घेतली होती. या दुसऱ्या जातीची पिल्ले लोणावळ्याच्या केंद्रात वाढवून, चांगल्याच हेतूने, कावेरीत सोडली गेली होती. मूळच्या माशाचे शास्त्रीय नाव निश्चित व्हायला २०१८ उजाडले. तोवर तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत जाण्याच्या अवस्थेला आला होता. हौशी लोकांच्या वह्या नसत्या तर हे कळलेही नसते, आणि हौसेने सोडलेली पिल्ले नसती तर कदाचित इतके बिघडलेही नसते. एकाच हौसेचे हे दोन हात आहेत.

न पकडण्याचा नियम आपल्याला मुळीच नवा नाही. शृंगेरीला तुंगेच्या घाटावर ज्यांनी माशांना चुरमुरे घातले आहेत, त्यांना तिथल्या माशांना कोणी हात लावत नाही हे माहीत आहे. महाडजवळ वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून महाशीर राखलेले आहेत. एक कानडी बाजू, एक मराठी बाजू, नियम एकच. देवाच्या नावाने राखलेले असो की म्हाताऱ्याच्या शब्दाने, एक जागा अशी ठेवायची जिथे हात थांबतो.

आपल्याकडेही आता रविवारी घटप्रभेच्या, मलप्रभेच्या काठी रॉड घेतलेली पोरे दिसतात. हिडकलच्या पाण्यावर मी स्वतः पाहिली आहेत. त्यांच्या आई-वडिलांना माझे सांगणे एवढेच : पोराला अडवू नका. मोबाइलमध्ये मान घालून बसण्यापेक्षा पाण्याकडे बघत बसलेले बरे. पण त्याला तीन गोष्टी विचारा. तळे कोणाच्या ठेक्याचे आहे आणि त्यांना विचारलेस का? बाहेरून आणलेला कुठला मासा, मत्स्यटाकीतला का असेना, पाण्यात सोडणार नाहीस ना? आणि पावसाळ्यात केशरी घोळका दिसला तर काय करशील? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कायद्यात सापडतील. तिसऱ्याचे उत्तर त्याने घरी शिकायचे आहे.

या ऑगस्टअखेर बालाघाटला पुन्हा पहिली फेरी आहे. नवे पाच जण आले आहेत. भाच्याने फोनवर सांगितले, की वहीचे पान फाटले म्हणून नियम नव्याने लिहून काढले आणि ढीमर पोराने चौथा नियम आता पहिला केला आहे. कोणी हरकत घेतली नाही.